डॉक्युमेंटरीचा कॅमेरामन दिवसभर करतो काय?

गडहिंग्लजकडच्या एका तरुणानं विचारलंय. सहा वर्षं लग्नाची शूटिंग करतोय, हात बसलाय, आता डॉक्युमेंटरीकडं वळायचंय. त्यात रोजचं काम नेमकं काय असतं, घर चालतं का, फिल्म दिग्दर्शकाची असेल तर कॅमेरामनचं स्वतःचं असं त्यात काय उरतं, आणि पहिल्यांदा काय घेऊ, ड्रोन की चांगली लेन्स?

मी कोल्हापुरात राहून बावीस वर्षं हे काम करतोय. सुरुवात माझीही लग्नांपासूनच झाली, मिनी डीव्हीच्या टेपांच्या काळात. त्यामुळं लग्नाच्या शूटिंगला नाक मुरडणारं मी काही लिहिणार नाही. अक्षता एकदाच पडतात, नवरी रडायची ती एकदाच रडते. बॅटरी संपली, कार्ड भरलं, फोकस हुकला, यातलं कुठलंही कारण तिथं चालत नाही. ही शिस्त तुमच्याकडं आहे आणि ती फिल्म स्कूलमधनं आलेल्या पुष्कळ जणांकडं नसते.

एक सवय मात्र मोडावी लागेल. लग्नात आपण मालक असतो. "नवरदेव, इकडं बघा", "हार परत एकदा घाला", "मामा, जरा बाजूला". भटजीसुद्धा आपल्यासाठी मंत्र थांबवतात. डॉक्युमेंटरीत कुणीही आपल्यासाठी थांबत नाही, आणि थांबलं तर समजायचं की आता जे मिळतंय ते खोटं आहे. मला हे एका गुळव्यानं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या माणसानं, शिकवलं.

भोगावतीच्या काठचं गुऱ्हाळ होतं, डिसेंबरची पहाट. बाहेर हातपाय गारठलेले आणि आत चुलवाणाची धग, काहिलीवर, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईवर, वाफेचा ढग. मी बाहेरची पहाट टिपून तसाच आत शिरलो. गार लेन्स वाफेत नेली की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. समोरची काच पांढरीफटक. पुसायला लागलो तर परत धुकं. त्या मिनिटभरात गुळव्यानं पाक पाण्यात टाकून गोळी बघितली, हाक मारली, चौघांनी काहील उतरवली आणि पाक गार करायच्या वाफ्यात ओतली. मी फडकं हातात धरून बघत राहिलो. मग लग्नातल्या सवयीनं बोलून गेलो, "मामा, परत एकदा उचलल्यासारखं कराल का?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, चिडले नाहीत. म्हणाले, "रिकाम्या काहिलीला कंबर वाकत न्हाई, पाव्हणं. बसा की, अजून तीन उतरायच्या हाईत."

एका काहिलीला अडीच-तीन तास लागतात. मी बसलो. या वेळी कॅमेरा आतच ठेवला, म्हणजे काच आणि हवा एकाच उबेवर राहते. हा साधा उपाय मला आधी माहीत नव्हता असं नाही, पण घाईत सुचला नाही. बसल्याबसल्या बघत होतो. चिपाडांचा जाळ कधी वाढतो, रानभेंडीचं चिकट पाणी घातल्यावर मळी कशी वर येते, ती काढणारा पोरगा फावड्याला कसा हलका झटका देतो. आणि एक गोष्ट दिसली जी उभ्याउभ्या कधी दिसली नसती. पाक जवळ आला की गुळवेमामा काहिलीकडं बघतच नव्हते. मान वळवून, डोळे चुलवाणाच्या दुसऱ्या बाजूला लावून, ते कान देत होते. उकळीचा आवाज बदलतो. आधी पातळ, खळखळता. मग जड, फदफद असा. गोळी पाण्यात टाकून बघणं हा नंतरचा, खात्रीचा भाग.

दुसऱ्या काहिलीला मी उतरवण्याचा रुंद शॉट घेतला. तिसऱ्याला हात आणि कंबरा. चौथ्याला काहिलीकडं पाठ केली आणि फक्त मामांचा ऐकणारा चेहरा घेतला, चाळीस सेकंद. फिल्ममध्ये शेवटी तोच राहिला. मी पहिली काहील नीट टिपली असती तर चौथीपर्यंत थांबलोच नसतो. चहा पिऊन, मामांना रामराम करून, उन्हं यायच्या आत निघालो असतो आणि खूश असतो.

तेव्हा रोजचं काम काय, तर बहुतांश बसणं. बारा तासांच्या दिवसात माझा कॅमेरा प्रत्यक्षात तास-दीड तास चालतो. बाकीचा वेळ कुणाचं तरी काम समजून घेण्यात जातो. कष्टाचं काम पुन्हा पुन्हा होतं. नांगर परत वळतो, हातोडा परत पडतो, म्हैस उद्या परत पिळायची असते. त्यामुळं कुणाला काही पुन्हा करायला सांगू नका, ते आपोआप पुन्हा होईल तेव्हा तयार असा. एका फेरीत एकच शॉट घ्या. सगळं एका फेरीत पकडायला गेलात की हात थरथरतो आणि एडिटरला तुकडे मिळतात. शॉट लागला की मनात दहा आकडे मोजा, घटना संपली की आणखी दहा. आणि जिंबल, म्हणजे कॅमेरा तरंगता ठेवणारा दांडा, घरी ठेवा. लग्नाच्या रीलमध्ये कॅमेरा तरंगला की छान दिसतं; गुऱ्हाळात तरंगला की प्रेक्षकाला वाटतं कुणीतरी जाहिरात करतंय.

आमच्या आधीचे लोक १६ एमएमच्या फिल्मवर काम करायचे. ४०० फुटांचा रोल अकरा मिनिटांत संपतो. बटण दाबण्याआधी माणूस आपसूकच विचार करायचा. आपण सेकंदाला १०० मेगाबिटनं चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी होतात, भारी फॉरमॅटला त्याच्या दुपटीहून जास्त, आणि कार्ड स्वस्त झालंय म्हणून आपण दाबून ठेवतो. रात्री लॉजवर हे सगळं उतरवून घ्यायचं असतं. दोन वेगळ्या डिस्कवर दोन कॉपी, तिसरी दुसऱ्या दिवशी कुणाबरोबर तरी घरी रवाना. एकदा अख्ख्या दिवसाचं कार्ड मी स्वतःच्या हातानं फॉरमॅट केलंय, दमून, कॉपी झाली असं समजून. त्यानंतर भरलेलं कार्ड लाल डबीत, रिकामं पांढऱ्या डबीत आणि कॉपी उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय झोप नाही. आवाजाचंही तसंच. छोट्या युनिटमध्ये साऊंडवाला असतोच असं नाही. कॉलर माईक, वर कॅमेऱ्यावरचा माईक, आणि प्रत्येक जागेचा एक मिनिटभर नुसता सुना आवाज. हा मिनिटभर लोकांना गप्प बसवणं हे गुऱ्हाळात रसाचा घाणा बंद करण्याइतकंच अवघड आहे, पण घ्या.

आता जे खरं विचारलंत ते. दिग्दर्शकाची फिल्म असेल तर आपलं काय?

माझं उत्तर असं की, कुठं उभं राहायचं आणि किती जवळ, हे आपलं. दिग्दर्शक विषय आणतो, माणसं शोधतो, रात्री बसून कथा लावतो. पण काहिलीकडं पाठ करायची हे त्या क्षणी कुणी सांगू शकत नाही. कानात हेडफोन घालून बाजूला उभा असलेला दिग्दर्शकही नाही. ते शरीरानं ठरतं. तुम्ही किती वेळ तिथं बसला होता यावरून ठरतं.

लेन्सची निवड मला तरी शिष्टाचाराची बाब वाटते. ३५ एमएम लावली की चेहरा भरायला दोन-तीन हातांवर जावं लागतं. तिथं समोरचा माणूस तुम्हाला "बास झालं" म्हणू शकतो, पाणी विचारू शकतो, ढकलूही शकतो. दोनशे एमएमची टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लावून रस्त्यापलीकडून घेतलेला रडता चेहरा मला चोरीसारखा वाटतो. वन्यजीव करणाऱ्यांचं वेगळं, त्यांना पर्याय नाही. माणसांच्या बाबतीत पर्याय असतो.

उंचीचंही तेच. आपण उभे, बाई चुलीपुढं बसलेली, कॅमेरा वरून खाली. लग्नाच्या पंगतीत चालून जातं. पण अख्खी फिल्म अशी घेतली तर न बोलता तुम्ही तिला ठेंगणी करून ठेवता. मांडी घाला, कॅमेरा मांडीवर घ्या. बसल्यावर आणखी एक होतं: उठायला वेळ लागतो, म्हणून माणूस टिकून राहतो. माझे गुडघे आता कुरकुरतात. तुमचे चाळिशीपर्यंत कुरकुरणार नाहीत, वापरून घ्या.

तालमीचं सांगतो. शहरातल्या एका जुन्या तालमीत पहाटे चारला मेहनत सुरू व्हायची. आत एकच पिवळा दिवा, कोपऱ्यात मारुती, लाल मातीचा हौद. मी पहिल्या दिवशी ट्रायपॉड घेऊन दारात उभा. वस्ताद म्हणाले, "मातीत चप्पल चालत न्हाई, ते तीन पायाचंबी चालत न्हाई. आन् तुम्ही काय नुसतंच बघणार व्हय? जोर काढा चार." मी चार जोर काढले, पाचवा निघाला नाही. पोरं हसली. चार दिवस मी बॅगेची चेनसुद्धा उघडली नाही. पाचव्या दिवशी वस्तादांनीच विचारलं, "का हो, तुमचं शूटिंग कधी चालू हुणार?"

त्या अंधारात बाहेरून लाइट नेला असता तर सगळं सपाट दिसलं असतं. हल्लीच्या कॅमेऱ्यांना १२८०० आयएसओवरही, म्हणजे उजेड टिपायची ताकद खूप वाढवली तरी, चित्र स्वच्छ ठेवता येतं, तेव्हा दिव्याला हात न लावता काम झालं. फक्त शटर १/५० सेकंदावर ठेवलं. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ट्यूब किंवा स्वस्त एलईडी असेल आणि शटर १/५० किंवा १/१०० सोडून भलतंच ठेवलं तर चित्रात पट्टे सरकतात. लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही हे भोगलं असेलच. अंधाराला अंधार राहू द्यायची हिंमत मात्र लग्नात येत नाही, कारण तिथं पैसे प्रत्येक चेहरा दिसण्याचे असतात. तालमीत घाम दिसला, पाठीवरची माती दिसली, दोन डोळे चमकले, की पुरे.

उजेड वाचायला शिकायचं असेल तर कोल्हापूरकराला लांब जायला नको. अंबाबाईचा किरणोत्सव बघा. जानेवारीच्या अखेरीस आणि नोव्हेंबरात, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत येत पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग कंबरेपर्यंत, मग मुखापर्यंत पोहोचतात. क्षितिजावर ढगाचा एक पट्टा आला, वाटेत एखादं बांधकाम उभं राहिलं, की त्या वर्षी किरणं अडतात. सूर्य कुठल्या तारखेला कुठल्या खिडकीतून किती आत येतो याची वही ठेवायची सवय मला या उत्सवामुळं लागली. आता फोनवर ॲप आहेत, तरी वही आहेच.

आणि एक जागा मला मुद्दाम सांगाविशी वाटते, खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ. येताजाता आपण त्याच्याकडं बघत नाही. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर ही नाटकाचे पडदे रंगवणारी माणसं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी सहकाऱ्यांना घेऊन १९१८ च्या सुमारास इथंच, कोल्हापुरात, स्वतःचा कॅमेरा तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये आला. पुढं त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्यांनी १९२९ मध्ये इथं प्रभात फिल्म कंपनी काढली, ती १९३३ ला पुण्याला गेली, आणि त्या प्रभातच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. लोक मला विचारतात, मुंबईला का जात नाही. कॅमेरा मुंबईहून आणावा लागत नव्हता असं हे गाव आहे, एवढंच सांगतो. अर्थात हे उत्तर मुंबईचं भाडं परवडत नाही म्हणूनही आहे.

पुण्याच्या इन्स्टिट्यूटला जावं का, असं तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असणार. सिनेमॅटोग्राफीचा तीन वर्षांचा कोर्स आहे, प्रवेश परीक्षा देऊन मिळत असेल आणि घरचं जमत असेल तर जरूर जा. मी गेलो नाही आणि उजेडाबद्दल जे तिथं एका वर्षात कळतं ते मला आठ वर्षांनी कळलं. बसण्याबद्दलचं मात्र कुठल्या कोर्सात नाही.

आता महापुराचं. ते लिहिलं नाही तर वरचं सगळं नुसतं तंत्र होईल.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. २०२१ चं पाणी ओसरल्यावर मी नदीकाठच्या एका गावात होतो. ज्यांनी काम दिलं होतं त्यांचा दिवसातून तीनदा फोन, "लोकांच्या भावना मिळाल्या का?" म्हणजे रडणं मिळालं का. घराघरांत गुडघाभर गाळ, आणि वास, जो कॅमेऱ्यात येत नाही. एका काकींच्या दारात उभा राहून मी आतलं घेत होतो. त्या भिजलेली गोधडी एकट्याच पिळायला बघत होत्या. गोधडी पाणी पिऊन पोत्यासारखी जड झालेली. दोन-तीनदा प्रयत्न केला, मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "एक टोक धरा की."

कॅमेरा ओट्यावर ठेवला आणि धरलं. ते दृश्य कुठंही नाही. तुम्ही ते माझ्याकडून ऐकताय तेवढंच. आम्ही सात गोधड्या पिळल्या. काळं पाणी कोपरापर्यंत यायचं. संध्याकाळच्या फोनवर मी सांगितलं, आज काही मिळालं नाही. ते काम पुढं माझ्याकडून गेलं आणि उरलेले पैसेही आले नाहीत.

मी मात्र दुसऱ्या दिवशी परत गेलो, स्वतःच्या खर्चानं. काकींनीच हाक मारली, "या, हे घ्या तुमच्या त्याच्यात." स्वयंपाकघराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण होती, विटेच्या तुकड्यानं ओढलेली, शेजारी साल. त्या पाटावर चढल्या, नव्या ओल्या रेघेवर बोट फिरवलं, आणि जुन्या खुणेच्या वर चार बोटांवर नवी रेघ ओढली. मग नातवाला म्हणाल्या, "लिही बाळा, एकवीस." नातवानं दोनाचा आकडा उलटा काढला. त्या खाली उतरल्या, लांब होऊन बघितलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." पुढं दोन वर्षांनी एका वेगळ्याच दिग्दर्शिकेनं नद्यांवर फिल्म केली तेव्हा हा शॉट तिला दिला. काकींना आधी दाखवला, विचारलं. त्यांची अट एकच होती की मागं पडलेला भांड्यांचा पसारा दिसू नये. तेवढं फ्रेममध्ये कापून घेतलं.

हेतू, सर्जनशीलता असे शब्द मला जड जातात. तुम्ही विचारलंत की कॅमेरामनचं स्वतःचं काय उरतं, तर माझ्यापाशी ती रेघ आहे, तो उलटा दोन आहे. दिग्दर्शिकेनं तो फिल्मच्या शेवटी ठेवला, मी असतो तर मध्यावर ठेवला असता. यावर आमचं अजून भांडण आहे.

संमतीचं लगेच सांगून टाकतो: मराठीत, मोठ्या अक्षरात छापलेला एक पानाचा कागद ठेवा, वाचून दाखवा, आणि "हो" कॅमेऱ्यावरही घ्या. सही झाली तरी माणूस नंतर नको म्हणाला तर दिग्दर्शकाशी भांडून तो भाग काढायला लावा.

घर चालतं का? नुसत्या डॉक्युमेंटरीवर माझं चालत नाही. वर्षात साधारण तीन-चार महिने ती कामं असतात. उरलेल्यात शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रींच्या फिल्म, साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा, एखाद्या संस्थेचं काम, आणि हो, मे महिन्यात अजूनही लग्नं. लाज वाटायचं कारण नाही. लग्नाच्या पैशांतून मी गुऱ्हाळात चार काहिली बसू शकतो. फौंड्रीत तर वितळलेलं लोखंड ओततानाचा उजेड फुकट शिकायला मिळतो. पैशांबाबत तीन गोष्टी पाळा. निम्मे पैसे आधी. स्वतःचा रोज वेगळा आणि कॅमेऱ्याचं भाडं वेगळं लिहा, नाहीतर कॅमेरा झिजतो आणि तुम्ही समजता आपण कमावतोय. आणि कितीही ओळखीचा असला तरी व्हॉट्सॲपवर का होईना, दिवस, तास, रक्कम लिहून घ्या. मला बुडवणारे सगळे ओळखीचेच होते.

बायकोला, घरच्यांना आधी विश्वासात घ्या. पहाटे तीनला निघून रात्री अकराला गाळात माखून येणारा माणूस दिवसभर "बसलो होतो" म्हणतो, हे पचायला अवघड आहे. माझ्या घरी अजून पचलेलं नाही.

आता खरेदी. ड्रोन घेऊ नका. २५० ग्रॅमच्या वरच्याला नोंदणी लागते, पैसे घेऊन उडवायचा तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि उजळाईवाडीला कोल्हापूरचा विमानतळ असल्यानं त्या बाजूला परवानगीशिवाय उडवता येत नाही. फिल्ममध्ये फार तर चार शॉट लागतात. प्रमाणपत्रवाला माणूस एका दिवसासाठी भाड्यानं मिळतो. त्या पैशांत एक ३५ एमएम घ्या, उजेड कमी करणारा एक बरा एनडी फिल्टर, दोन कॉलर माईक आणि दोन जादा डिस्क. उरले तर कमरेचा चांगला पट्टा.

कॅमेरा आत्ता आहे तोच वापरा. गुऱ्हाळं दिवाळीनंतर पेटतात, तुमच्याकडं आजऱ्याच्या वाटेवरही असतील. पहाटे चारला जा, बॅग आत एका बाजूला उबेला ठेवा आणि पहिली काहील नुसती बघा. गुळव्या काकवी देईल, ती घ्या. नको म्हटलेलं त्यांना आवडत नाही.